उष्ट्या पाण्याचं तीर्थ

देवावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते, आणि तेही अधिक महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात त्याचं एरवीपेक्षा दुप्पट करायचं, नेमकं त्याच महिन्यात. जे झालं ते जसं झालं तसं सांगते. त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी शाळेत फार गेलेली नाही, मला वाद घालता येत नाही. भांडता मात्र छान येतं, असं आमचे हे म्हणायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही वसई पूर्वेला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. घरात नळ होते, नळांना चकचकीत तोट्या होत्या, आणि त्यांतून यायची ती हवा. पाणी टँकरनं. टँकरवाला पाणी कुठून आणतो हे विचारायचं नाही, असा जणू सोसायटीचा नियमच होता. मी विचारलं होतं. पश्चिमेच्या गावांतून, तिथल्या बावखलांतून आणतात म्हणाला. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं, केळीला आणि भाजीला त्याचंच पाणी. म्हणजे त्यांच्या केळी सुकवून आमचे फ्लॅट भरायचे. तिकडच्या बायका आमच्या नावानं बोटं मोडत असणार, आणि का मोडू नयेत? पण हे सोसायटीच्या मिटिंगमध्ये बोलले, तर सगळे म्हणाले, "काकू, मग तुम्ही आंघोळ करू नका."

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. ऊन असं, की जिन्याचा कठडा धरवत नव्हता. टँकरचा पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडताना वॉचमन टाकीच्या तोंडाला जुनं फडकं बांधायचा. त्यात कधी शेवाळ सापडायचं, कधी बेडूकमासे. एका सकाळी त्यात कासवाचं पिल्लू सापडलं. उताणं पडलेलं, वरून पाण्याची धार कोसळतेय आणि ते पाय झाडतंय. एवढंसं, बत्ताशाएवढं.

अधिक महिना म्हणजे विष्णूचा, आणि कासव म्हणजे कूर्मावतार. झालं! सेक्रेटरींची बायको, तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो, तिनं लगेच ठरवलं की देव आपल्या इमारतीत प्रकटले. खाली गणपतीच्या कोनाड्यात पाट मांडला, त्यावर तांदूळ, तांदळावर ते पिल्लू. पाठीवर हळदकुंकू. कुणी फुलं वाहिली, कुणी पैसे ठेवले, आणि तोंडासमोर अनारसा. आता तुम्हीच सांगा, बत्ताशाएवढ्या जिवानं अनारसा खायचा कसा? माझ्या कवळीलाही तो चावत नाही.

संध्याकाळी जाऊन बघते तर पिल्लानं मान बाहेर टाकलेली, डोळे मिटलेले. मी म्हटलं, "वहिनी, हे काही खात नाहीये हो."

"काकू, देव भावाचा भुकेला असतो," वहिनी म्हणाली.

"देव असेल भावाचा. हे पोटाचं भुकेलं आहे," असं म्हणून मी ते उचललं, पदरात घेतलं आणि सरळ घरी आणलं. मागून बरंच काय काय बोलणं झालं. देव पळवला म्हणून माझ्या नावानं कुजबुज झाली. होऊ दे. लेकराला उपाशी ठेवून त्याच्यासमोर आरती ओवाळणाऱ्यांचं ऐकायला मी बसले नव्हते.

घरी आणलं खरं, पण ठेवू कुठं? पाणी नाही म्हणून आमच्या बाळकृष्णाची आंघोळ ओल्या फडक्यावर आली होती, त्यामुळे देवाचं ताम्हण रिकामंच पडलेलं. त्यातच ठेवलं. कासव पाण्यात राहतं हे मला कळत नव्हतं असं नाही. आधी टबात पाणी घालून त्यात सोडलं होतं. पण ते दगडासारखं तळाला गेलं आणि हलेचना. बुडालं म्हणून ओरडले आणि हात घालून बाहेर काढलं. पाण्याच्या धारेतून वाचलेलं लेकरू पुन्हा पाण्यात कोण टाकील? म्हणून कोरड्यातच ठेवलं. आमच्या मुलांना ज्यानं दूध पाजलं ते बोंडलं माळ्यावरून काढलं आणि त्यानं थेंब थेंब पाणी पाजलं. मऊ भाताचं शीत दिलं, केळं कुस्करून दिलं, भिजवलेली डाळ दिली, कोबीचं पान दिलं. पिल्लू तोंड उघडायचं, घास धरायचं, घशात काहीतरी अडल्यासारखं करायचं आणि टाकून द्यायचं. बघवत नसे. स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, "आजी, मी कुत्री-मांजरं बघतो, ह्यातलं मला खरंच कळत नाही." त्यांचा तरी काय दोष.

दिवसेंदिवस ते हलकं होत गेलं. हातात घेतलं तर वाळलेली शेंग घेतल्यासारखं वाटे. शेवटी तर मान आत घ्यायचंही त्यानं सोडून दिलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि बाळकृष्णाला म्हटलं, "तू कासव झालास तेव्हा आख्खा मंदार पर्वत पाठीवर पेललास, आणि आता तुला भाताचं एक शीत पेलवेना? तुझेच लोक तुला हळदकुंकू लावून उपाशी मारतात, आणि तू लोणी हातात धरून रांगतोस नुसता! जा. आजपासून तुलाही नैवेद्य नाही. ते खाईल त्या दिवशी तू खा." असं म्हणून देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "देवाचा बंद केलास ते ठीक. माझा नैवेद्य तेवढा चालू ठेव." मला हसू आलं नाही. मी त्यांच्यावरही रागावले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. दारात एक बाई. कोळीण असावी, घट्ट काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, हातात भलीथोरली पिशवी. घामानं निथळत होती. म्हणाली, "बी विंग कंची गो बाय? लेकीकडं चाललंय, जावयाचं अधिकाचं वाण घेऊन. समदी घरं सारखीच, कुनाचं कोन ते समजंना. जरा पानी देशील?"

तांब्याभर पाणी म्हणजे त्या दिवसांत काय होतं ते त्या दिवसांतल्यालाच ठाऊक. पण दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं, एवढी काही मी फ्लॅटवाली झाले नव्हते. तांब्या दिला. तिनं तोंड लावून अर्धा प्यायला, पदरानं तोंड पुसलं, आणि आपणहून आत येऊन टेकली. पिशवीतली पुरचुंडी सोडत म्हणाली, "पान्याची उतराई करू दे. जवला हाय, घरचा सुकवलेला. घे मूठभर."

"अहो, नको नको! अधिक महिना आहे, महिनाभर घरात मासळी नाही आणायची माझी!" मी दोन्ही हात हलवत ओरडले. पण पुरचुंडी सुटली होती, जवळ्याचा चुरा तिच्या बोटांना लागला होता, थोडा फरशीवरही सांडला होता. तेवढ्यात तिचं लक्ष देव्हाऱ्याखालच्या ताम्हणाकडे गेलं. ऊन डोळ्यांत भरलेलं, आत अंधार, तिला त्यात काय दिसलं देव जाणे. "अगो, तुजा देव सुका बसलाय की!" असं म्हणून तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच हातानं ताम्हणात ओतलं.

मी किंचाळलेच. "अहो, उष्टं पाणी ते! देवाचं ताम्हण आहे!"

बाई जराही ओशाळली नाही. उठली, पिशवी कडेवर घेतली आणि हसून म्हणाली, "पान्याला कसलं उष्टं, बाय? तुज्या टँकरच्या पान्याला कोनी कोनी तोंड लावलंय, ते त्यालाच म्हाईत." आणि गेली जिना उतरून.

माझा जळफळाट झाला. अधिक महिना, देवाचं भांडं, त्यात उष्टं पाणी आणि वर जवळा! चिंच आणून ताम्हण घासायचं म्हणून तरातरा गेले, वाकले, आणि तशीच राहिले. पिल्लानं मान लांब केली होती. पाण्याखाली तोंड नेलं होतं. जवळ्याचा एक कण तरंगत तरंगत त्याच्या नाकाशी आला, त्यानं तोंड उघडलं, कण पाण्यासकट आत घेतला आणि गिळला. दुसरा कण आला, तोही गिळला. मग पुढचे दोन पाय हलवून ते तिसऱ्याच्या मागे स्वतःच निघालं.

मी खाली फरशीवरच बसले. फरशीवर सांडलेला जवळा बोटानं टिपून टिपून ताम्हणात टाकत होते आणि रडत होते. व्रत माझं होतं, त्याचं थोडंच होतं!

पुढे कळलं, पाण्यातल्या कासवाला पाण्याबाहेर घास गिळताच येत नाही. मी टबात सोडलं तेव्हा पाणी होतं पण घास नव्हता, आणि नंतर घास दिले तेव्हा पाणी नव्हतं. दोन्ही एकत्र आणायला कुणीतरी अनोळखी बाई तहानेली होऊन माझ्या दारात यावी लागली. शबरीची उष्टी बोरं ऐकताना आम्ही कीर्तनात डोळे पुसतो, आणि घरात तेच उष्टं आलं की चिंच शोधायला धावतो. त्या दिवशी मी ताम्हण घासलं नाही. देव्हारा उघडला, त्यातल्याच पाण्याची बोटं बाळकृष्णाला लावली, लोणी-साखर ठेवली आणि म्हटलं, "आता जेव बाबा. मीही जेवते."

बी विंगेत मी घरोघर विचारून आले. कुणाचीच आई येऊन गेली नव्हती. शेजारच्या सोसायटीलाही बी विंग होतीच, तिकडे गेली असेल. मी त्यावर काही बोलत नाही. तिला एक शब्द नीट बोलले नाही, एवढी रुखरुख मात्र आहे.

पाऊस चांगला लागल्यावर आम्ही दोघं पिल्लू घेऊन पश्चिमेला निर्मळ गावाच्या बाजूला गेलो. तिथल्या एका वाडीतलं बावखल अजून शाबूत होतं. शेजारचं मात्र मातीनं भरून टाकलेलं, वर इमारतीची पाटी लावलेली. ते बघून माझं रक्त पुन्हा उसळलं, आजही उसळतं. ज्यांनी हे तळं बुजवलं त्यांच्या घरीही कासवाची मूर्ती असेल, उत्तरेला तोंड करून ठेवलेली. त्यांच्यावरचा राग मी सोडलेला नाही, आणि देवानं तो सोडायला सांगितलाय असं मला वाटतही नाही.

सोडला तो दुसराच एक हट्ट. त्यानं माझ्याच हातून खावं, माझ्याच ताटातलं, मी ठरवलेलंच खावं, हा. पिल्लाला पाण्याच्या काठावर ठेवलं. आता हे वळून माझ्याकडे बघेल, असं मला वेडीला वाटलं होतं. त्यानं बघितलं नाही. सरळ पाण्यात शिरलं आणि तळाला गेलं, त्या दिवशी टबात गेलं होतं तसंच, दगडासारखं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात घातला नाही.