बरणीतला वारा

आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांना कुणाचंच खरं वाटत नसे. सात रस्ता चौकातून घरी येताना ते रोज वेगळी वाट धरत. "आपली वेळ कुणाला कळू देऊ नये," म्हणत. सत्तरच्या दशकात, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त होऊन ते सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले, तेव्हा मी नवी सून होते.

त्यांच्या पत्नी मार्थाबाई दर उन्हाळ्यात नाताळासाठी द्राक्षांची वाइन घालत. त्या गेल्या, त्या वर्षी गार्डसाहेबांनी ती स्वतः घातली, गाळली आणि बाटल्यांत भरली. थोड्याच दिवसांत बाटल्यांची बुचं जमिनीवर पडलेली सापडू लागली.

ते आमच्या दारात आले. "सूनबाई, तुमचे नाना दुपारी कुठं असतात?"

"झोपलेले असतात."

"झोपतात, की पडून राहतात?"

नाना, म्हणजे माझे सासरे, चहासुद्धा घेत नसत. त्यांनी आतून हे ऐकलं आणि गार्डसाहेबांकडे पेपर वाचायला जाणं बंद केलं.

मला ते बघवेना. एका दुपारी मी समजावायला गेले, तर गार्डसाहेब बाटल्यांच्या फळीसमोर खुर्ची टाकून पहारा देत बसलेले. "बसा. आज चोर धरू," म्हणाले.

बसते न बसते तोच फट्‌ आवाज झाला. बूच छताच्या पत्र्यावर आदळलं, बाटलीतून जांभळा फेस उतू लागला. जवळपास कुणीच नव्हतं.

"काका, आत वारा कोंडलाय. पीठ आंबल्यावर फुगतं ना, तसा. काकू काय करायच्या?"

त्यांनी बूच उचलून हातात घेतलं. म्हणाले, "ढवळत बसायची. वारा काढते म्हणायची. चिलटं येतात म्हणून स्वयंपाकघराचं दार लावायची. मी आधी रसाच्या उंचीला बरणीवर दोरा बांधून ठेवायचो. दार उघडलं की रस दोऱ्याखाली. मला वाटायचं, ही पिते."

त्यांनी सगळ्या बाटल्या काचेच्या बरणीत ओतल्या, दोरा बांधला आणि लाकडी डाव फिरवायला घेतला. बुडबुड्यांच्या माळा वर येत राहिल्या. त्यांचा हात दुखला तेव्हा मी ढवळलं. शेवटी फेस बसला. रस दोऱ्याच्या अर्धं बोट खाली होता. आम्ही कुणी थेंबही तोंडात घातला नव्हता.

संध्याकाळी ते आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. "नाना, चुकलं माझं." नानांनी सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी ते दुधनीला मार्थाबाईंच्या बहिणीकडे गेले. बायको चोरून पिते, असं त्यांनी तिला कधीकाळी सांगून ठेवलं होतं. परत आले ते थेट आमच्या दारात, हातात पिशवी तशीच.

"मेव्हणी म्हणाली, 'अक्काला ठावं होतं की, तुमी दोरा बांधता ते.' मी विचारलं, मग बोलली का नाही? तर म्हणते, 'बोलली असती तर तुमाला खरं वाटलं असतं व्हय?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तिनं वाढलं, मी जेवलो."

पुढं त्यांचा मुलगा त्यांना मिरजेला घेऊन गेला. त्याआधी आणखी एक उन्हाळा आला होता, बाजारात काळी द्राक्षं आली होती. त्यांनी ती आणली नाहीत, वाइन घातली नाही.