गॅसला वास लावणारा

गंधकाला स्वतःला म्हणावा तसा वास नसतो. पिवळा खडा नाकाशी धरून बघा. तो दुसऱ्या कुणाशी तरी संगनमत करतो, तेव्हा घाण सुटते. नासक्या अंड्यात तो, जळक्या केसांत तो, गटाराच्या झाकणाखाली तो. कांदा चिरताना तुम्ही रडता ते त्याच्याच एका नातेवाइकामुळे. महागड्या शांपूत तो आहे आणि तो शांपू ज्या केसांना लावता त्या केसांतही आहे. म्हणजे ज्यांनी ज्यांनी या गोष्टीत नाकाला रुमाल लावला, त्या सगळ्यांच्या अंगात तो जन्मापासून मुरलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गोष्ट ज्या इमारतीतली आहे तिथली बत्तीसच्या बत्तीस बिऱ्हाडं नाकानं कांदे सोलणारी आहेत.

त्या इमारतीत गच्चीला लागून एक खोली आहे. सोसायटीच्या मालकीची, भाड्यानं दिलेली. तिथं जो माणूस बायको आणि मुलीसह राहतो त्याला इमारतीत ‘गळती’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर ‘अहो’ म्हणतात आणि एक पायरी मागे सरकतात.

गळती वीस वर्षं गॅसच्या प्लांटवर आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, हे या शहाण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. घरात गॅस सुटला तर कळणार कसं? काडी ओढली की कळेल, पण मग ते सांगायला कुणी उरणार नाही. म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंध मिसळतात. मरकॅप्टन म्हणून गंधकाचं एक संयुग आहे, पाण्यासारखं पातळ. टँकरभर गॅसला बाटलीभर पुरतं, इतकं ते जहाल. प्लांटवरचे लोक त्याला ‘अत्तर’ म्हणतात. अत्तराचा ड्रम संपला की पंपाची जोडणी सोडायची, नवा ड्रम लावायचा, काटा बघायचा, हे गळतीचं काम. हातमोजे असतात, मुखवटा असतो, सगळं असतं. तरी जोडणी सोडताना कधीतरी एखादा थेंब पडतोच.

तो कपडे प्लांटवरच ठेवतो. दोनदा साबण लावून अंघोळ करतो. तरी केसांत राहायचा तो राहतोच. बसमध्ये तो चढला की कुणीतरी ओरडतं, “ड्रायव्हर, गाडी थांबवा, गॅस सुटलाय!” एकदा न्हावी अर्धी दाढी सोडून पाठीमागच्या घरातली शेगडी तपासून आला. गळती साबणाच्या फेसात तसाच बसून होता. म्हणाला, “शेगडी ठीक आहे हो, मीच आहे.” असा माणूस. मला त्याचा हा स्वभाव कधी आवडला नाही. जगानं तुमच्याकडे बघून नाक मुरडावं आणि तुम्ही जगाची समजूत काढावी, ही कुठली रीत?

आणि गंमत अशी की ज्या वासावरून एवढा गदारोळ, तो त्याला स्वतःला येतच नाही. वीस वर्षं रोज तोच वास घेऊन त्याचं नाक तेवढ्यापुरतं मेलं आहे.

एक दिवस त्याची बायको भाडेकरू संघाच्या कचेरीत माझ्या टेबलाशी आली. भाडेकरूंची भांडणं मी बघतो, म्हणून. तिनं कागद पुढं सरकवला. सोसायटीची नोटीस होती. “इमारतीच्या स्वास्थ्यास व प्रतिष्ठेस बाधा आणणारा दुर्गंध” असल्यामुळे खोली एका महिन्यात रिकामी करावी. खाली एकोणतीस सह्या. उरलेले तीन जण गावाला गेले असावेत. नाहीतर या लोकांनी सही करायची संधी सोडली असती? दिव्याचा खांब बसवा म्हणून अर्ज घेऊन मी त्यांच्याच दारी गेलो होतो, तेव्हा एकाकडेही पेन नव्हतं.

“दादा, काहीतरी करा,” ती म्हणाली. “पोरीची शाळा याच गल्लीत आहे. आणि दुसरीकडे कोण देणार आम्हाला खोली? बघायला जातो, घरमालक दार उघडतो, हुंगतो आणि सांगतो, आत्ताच गेली.”

“नवरा काय म्हणतो?”

“ते काय म्हणणार! म्हणे, लोकांचंही बरोबर आहे. मी म्हटलं, तुम्हाला तोंड दिलंय का नुसतं मिशी ठेवायला जागा दिली आहे?”

मी उत्तर लिहून दिलं, हरकत नोंदवली. कमिटीनं ते वाचलंही नाही. महिन्यातले दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण इमारतीत ते आता वेगळंच सांगतात.

गळती पहाटे साडेपाचला कामावर गेला. पहिल्या मजल्यावरचे चेअरमन आठ वाजता सहकुटुंब लग्नाला गेले, घराला कुलूप. नवाच्या सुमारास जिन्यात वास यायला लागला. इमारतीनं काय केलं? नाकाला पदर लावले, रुमाल लावले आणि गळतीला शिव्या घातल्या. “आला वाटतं मेला!” “आज जास्तच आंघोळ केलेली दिसते अत्तरानं!” दारं लावून घेतली, उदबत्त्या लावल्या. हो, उदबत्त्या! गॅसच्या वासावर काडी ओढून उदबत्ती! एवढी शिकलेली माणसं. प्रत्येक घरात एक तरी पदवी भिंतीला टांगलेली. सहा तास ती आपल्या मरणाचा वास घेत बसली होती, पण तो वास खालच्या दर्जाच्या माणसाचा आहे याची इतकी खात्री, की एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही.

तीन वाजता गळती परत आला. जिन्यात सेक्रेटरीची बायको उभी होती, नाकाशी पदर.

“काय हो, सकाळपासून जीव नकोसा केलात आमचा!”

“सकाळपासून?”

“मग काय! नऊ वाजल्यापासून जिन्यात उभं राहवत नाही.”

“वहिनी, मी साडेपाचला गेलो तो आत्ता येतोय.”

“मग कपडे टाकले असतील वर वाळत.”

“कपडे प्लांटवरच असतात.”

“मग काय भूत फिरतंय तुमचं?”

गळती पायरीवरच थांबला. त्याला वास येत नव्हता. पण हिशेब येत होता. मी नव्हतो आणि वास होता, म्हणजे तो माझा नाही. एवढं साधं गणित. बत्तीस बिऱ्हाडांना सहा तासांत सुटलं नाही ते, आणि यानं पायरीवर उभ्या उभ्या सोडवलं.

“वहिनी, हातातला फोन खाली ठेवा आणि चला माझ्याबरोबर.”

“कुठं?”

“दारोदार. मला हा वास कळत नाही, तुम्हाला कळतो. प्रत्येक दाराशी हुंगायचं. खाली वाकून. हा गॅस जमिनीलगत साचतो.”

“अगं बाई! मी काय पोलिसांचं कुत्रं आहे?”

“नाही. पण चालू स्थितीतलं नाक आज तुमच्याकडे आहे.”

बाई काय कळून गेल्या कोण जाणे, पण गेल्या. त्यांचं मला एवढंच कौतुक आहे. दुसऱ्या मजल्यावर वाकल्या, नाही म्हणाल्या. पहिल्यावर आल्या, चेअरमनच्या उंबऱ्याशी वाकल्या आणि ताडकन उठल्या. “इथं! देवा रे, इथंच आहे!”

“वर जा. सगळ्यांना खाली अंगणात काढा. बेल दाबायची नाही, दारं हातानं बडवा. कुणी बटणाला हात लावायचा नाही.”

बाई वर धावल्या. गळती मागच्या बाजूनं खिडकी गाठायला निघाला, तेवढ्यात लग्नातून चेअरमन एकटेच परत आले. हातात किल्ल्या, तोंडात विडा नसूनही रंगल्यासारखा रुबाब.

“माझ्या दाराशी काय रे? आता वासाची घरपोच सेवा सुरू केलीस?”

“साहेब, दार उघडा, पण दिवा लावू नका. आत गॅस भरलाय.”

“गॅस नाही, तूच भरलायस जिन्यात. नोटीस मिळाली ना? मोज दिवस.”

त्यांनी दार उघडलं. आतली बोळ अंधारी. हात भिंतीकडे निघाला.

“दिवा लावू नका!”

“माझ्याच घरात मला शिकवतोस?” आणि हात बटणाकडे गेला.

गळतीनं थोबाडीत ठेवून दिली. खणखणीत. ज्या माणसानं वीस वर्षांत कुणाला उलटून बोट दाखवलं नव्हतं, त्यानं. चेअरमनचा चष्मा जिन्यावरून टप्पे खात खाली गेला आणि त्याच्यामागे चेअरमनही दोन पायऱ्या गेले. गळती तोंडावर बाही दाबून आत शिरला, सिलिंडरचा खटका बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर येऊन कठड्याला धरून ओकला.

शेगडीच्या टोकाला रबरी नळी तडकली होती. तिच्यावर छापलेली मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. आणि हे गृहस्थ कुणाची चप्पल दारासमोर तिरकी दिसली तरी पत्र पाठवणारे!

आता तुम्हाला वाटेल, इमारतीनं त्याला खांद्यावर घेतलं असेल. दुसऱ्याच दिवशी दुसरं पत्र आलं. “चेअरमन महोदयांना झालेल्या मारहाणीबद्दल” लेखी माफीनामा द्यावा. दिल्यास नोटीस मागे घेण्यात येईल, न दिल्यास खोली आठ दिवसांत खाली करावी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं सुंभ जळायचा याच माणसामुळे राहिला होता.

मी रात्रीपर्यंत थांबलो नाही, गळतीच्या खोलीत बसून पानभर माफीनामा लिहिला. वकिली भाषेत, ‘तथापि’ आणि ‘सद्हेतूने’ घालून. माफी मागितल्यासारखं दिसेल आणि मागितलेली नसेल, असा. मला तो फार जमला होता.

त्याची बायको म्हणाली, “करा सही आणि मोकळे व्हा. शब्दानं काय भोकं पडतात अंगाला?”

त्यानं सावकाश वाचला. “दादा, छान आहे. पण यातलं मला काहीच बोलता येत नाही. उद्या कुणी विचारलं, तथापि म्हणजे काय, तर?” मग त्यानं मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि स्वतः लिहिलं:

“मी चेअरमनसाहेबांच्या थोबाडीत मारली. ते दिवा लावत होते. परत लावत असतील तर परत मारीन. नळीची मुदत संपली होती.” खाली सही.

मी म्हटलं, “अरे, हे दिलंस तर खोली गेली.”

“गेली तर गेली.”

बायकोनं भांडी चादरीत बांधायला घेतली.

रविवारी सकाळी सभा भरली. सेक्रेटरीच्या हातात तो कागद पडला. त्यानं तो मनातल्या मनात वाचला. हा कागद मोठ्यानं वाचला की नळीची मुदत इतिवृत्तात जाणार, गॅसचे तपासनीस येणार, आणि सहा तास सेक्रेटरी काय करत होता हेही निघणार. शिवाय दाराशी त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं घरी त्याला काय ऐकवलं होतं मला माहीत नाही, पण तो कागदाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

चेअरमन म्हणाले, “वाचा की मोठ्यानं. ऐकू दे सगळ्यांना.”

“काय वाचायचं साहेब, नेहमीचाच मजकूर आहे. माफी आहे. दाखल करून घेतो.”

कागद फाइलमध्ये गेला. इतिवृत्तात लिहिलं, ‘माफीनामा प्राप्त, नोटीस मागे, विषय समाप्त.’ आयुष्यभर भ्याडपणा केलेल्या माणसाच्या हातून एकदा चुकून भलं काम झालं, तेही भ्याडपणानंच.

चेअरमननी गाल चाचपला, घसा साफ केला आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, “ठीक आहे. झालं गेलं विसरून जा.”

गळती उठला. “मी नाही विसरणार, साहेब,” तो म्हणाला. “आणि नळी अजून तीच आहे असं ऐकतो. ती तेवढी आजच्या आज बदला.”