संत्र्याच्या तेलाने फुगलेले रोलर

संत्र्याच्या सालीतलं तेल रोलर फुगवतं, हे कुणाला माहीत असायला हवं? रोलर विकणाऱ्याला, की त्यावर संत्री निवडणाऱ्या बाईला?

शेंदूरजनाघाटला संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या शेडमध्ये माझी आई काम करते. त्या हंगामात मीही तिथेच होतो. फळांना मार लागू नये म्हणून मालकाने अमरावतीहून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे मऊ, पिवळे रोलर आणून प्रतवारीच्या यंत्रावर बसवले. त्यांच्यावर मळाचा काळा थर चढला की बाया तो संत्र्याच्या सालीने घासून काढत. ग्रीसने माखलेले हातही आमच्याकडे सालीनेच साफ करतात.

महिन्याभरात रोलर चिकट झाले, फुगले आणि त्यांच्यामधली फट बुजत गेली. एका दुपारी अडकलेलं फळ काढताना आईचा हात आत ओढला गेला. यंत्र बंद करायचं बटण शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी धावत जाऊन ते दाबलं. बोटं वाचली, पण मनगटापर्यंत कातडी सोलली गेली.

दुसऱ्या दिवशी रोलर विकणारा आला. त्याने रोलर अंगठ्याने दाबून पाहिला आणि हसला.

"संत्र्याचं तेल याले चालत नाई जी. फुगतेच थे."

"मंग आमाले सांगतलं काऊन नाई?" आईने पट्टी बांधलेला हात पुढे केला.

"तुमी इचारलं कुठं, काकू?"

हा माणूस संत्र्याच्या गावात, संत्र्याच्या यंत्रासाठी, हे माहीत असताना रोलर विकून गेला होता.

तुमच्याकडे नवा रोलर किंवा पट्टा येईल तेव्हा तो कशाने फुगतो ते विकणाऱ्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत यंत्र सुरू करू देऊ नका.