उतारावर बंद केलेलं इंजिन

काटकसरीची मला शिसारी कुठे आली, ते मी नेमकं सांगू शकते. कात्रजच्या जुन्या घाटात, बोगदा संपल्यावर, पुण्याच्या बाजूच्या उतारावर.

गाडी माझी होती, आयटीत लागल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलेली. नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता, म्हणून चालवायचे सासरे. माझ्याकडे लायसन्स होतं, हातही बसलेला होता. पण नारायण पेठेतल्या आमच्या घरात, पुरुष गाडीत असताना बाईनं चाक धरायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलेलं. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी जन्मभर एक जुनं डबडं चालवलं होतं. त्याचं चाक वळवताना दंड भरून यायचे. नव्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग दोन बोटांनी फिरायचं, तर म्हणाले, "ही काय बायकी गाडी!" बायकी, पण बाईच्या हातात मात्र द्यायची नाही. धन्य आहे.

त्यांची एक खोड होती. उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि इंजिन बंद करायचं, पेट्रोल वाचतं म्हणून. डबड्यात ते खपून गेलं, कारण त्याच्या चाकाला इंजिनाची मदत मुळात नव्हतीच. नव्या गाडीत चाक हलकं करणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, मदत बंद, आणि ब्रेकचीही तीच गत. हे मी त्यांना जेवताना दोनदा समजावलं. "आम्हाला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि ताक मागितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी आम्ही नारायणपूरला दर्शनाला गेलो. परतताना मी पुढे बसले होते, मागे सासूबाई आणि माझी लहान मुलगी. बोगदा संपला, उतार लागला, आणि सासऱ्यांनी किल्ली मागे फिरवली. "बघ, कशी फुकटात चाललीये," ते म्हणाले. पुढे वळण आलं. त्यांनी नेहमीसारखं चाक वळवलं, तर ते हलेचना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. ब्रेक एकदोनदा लागला, मग पेडलही दगडासारखं घट्ट झालं. गाडी कठड्याकडे निघाली. मागे मुलगी पेरू खात होती, तिला काहीच कळलं नव्हतं. मी हात घालून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, चाक हलकं झालं, आणि गाडी कठड्याला घासून रस्त्यावर आली.

जरा वेळानं सासरे म्हणाले, "या गाडीचं स्टिअरिंग खराब आहे."

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंटावरचे शहाणे जमले. वळताना घरघरते का, मग तेल कमी असेल. पट्टा सैल झाला असेल. एका बाजूला ओढते का, टायरमधली हवा बघा. सगळे दोष खरे, पण दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे. सासरे मान डोलवत ऐकत होते. खरं काय झालं, ते त्यांच्या तोंडून निघेना.

"इंजिन बंद होतं," मी म्हणाले. "बाबांनीच बंद केलं होतं."

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "उतारावर ना? मग त्यात काय? आम्हीपण करतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला त्या सगळ्यांची किळस आली. त्या घाटात माझी पोर गेली असती, तरी ही माणसं पेट्रोलचाच हिशोब करत बसली असती. रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना लागेल असं बोलू नकोस हं." त्याचीही किळस आली. आजही ते आठवलं की येते.

त्या दिवसापासून किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. पुढच्या रविवारी सासरे टोपी घालून खाली आले आणि सवयीनं उजव्या दाराशी उभे राहिले. मी मागचं दार उघडलं. "बाबा, तुम्ही इथे बसा." सासूबाईंनी खाली पाहिलं. ते बसले, पण चेहरा असा केला की जणू मी त्यांना घराबाहेर काढलंय.

नारायणपूरला जाऊन दर्शन घेतलं. परतताना बोगदा संपला, उतार लागला. मुलगी सासऱ्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या केसांवरून हात फिरवत ते मागून हळूच म्हणाले, "अगं, आता बंद कर की इंजिन."