ताकाचे ग्लास

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी बायको गेली.

फळीवर तिने मांडलेली भांडी तशीच आहेत. त्यात काचेचा एक ग्लास आहे. त्याच्याबद्दल लिहितो, बाकीचं अजून लिहिता येत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचा संसारही नवाच होता. लग्नात तिच्या थोरल्या बहिणीने सहा ग्लास आहेर दिले होते. बहीण अमरावतीची, गोड्या पाण्याची. आमचं गाव शेगावच्या पुढे, पूर्णा नदीच्या अंगाला. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. वर्षभरात ग्लासांवर असा पांढरा थर बसला की आत पाणी आहे की नाही ते कळेना. बायकोने राखेने घासून पाहिलं. रेती घ्यायला निघाली तेव्हा मी अडवलं, पुस्तक काढलं आणि खाऱ्या पाण्यात कोणकोणते क्षार असतात ते तिला वाचून दाखवलं.

"नावं कळले," ती म्हणाली. "आता त्याइले बाहेर काढा."

अशात बहीण मुक्कामाला येत असल्याचा निरोप आला. ही बाई लोकांच्या फळीवरून बोट फिरवून धूळ पाहणारी.

"थे सगळ्या माहेरात सांगन, लहानीले भांडे घासता येत नाही म्हनून," बायको रडकुंडीला आली. ग्लास लपवावेत, तर आहेर फोडला म्हणेल. सकाळी तिने शेजारून गाडगंभर दही आणलं.

बहीण उंबरा ओलांडते तोच हातात ताकाचा ग्लास. जेवताना ताक. दुपारी ताक. ताकात थर दिसत नव्हता. पाणी मागितलं की पितळेच्या गडव्यात यायचं.

"काऊन वं, माहे ग्लास कुठी हायेत?"

"हे काय, तुह्याच हातात. इकडचं ऊन बाधते ताई, घे अजून अर्धा."

मी पुस्तकामागे तोंड लपवून बसलो होतो. संध्याकाळी दूध आलं.

"तुह्या घरी सारं पांढरंच पेतेत काय वं?" बहिणीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर बायकोने तिची वळकटी उचलली. ट्रंकेमागे ग्लास सापडला, कालच्या ताकाने भरलेला, आंबून गेलेला. तिने तो ओतून विसळला आणि मला हाक मारली. ताक होतं तिथवर काच लख्ख. वर काठाशी तेवढा पांढरा पट्टा.

बहीण ओले केस पुसत दारात उभी. एकीची चोरी ग्लासात, दुसरीची ग्लासावर.

"ताक लपवलं तू?"

"अन् तू ग्लास! मले उंबऱ्यातच समजलं होतं. म्हटलं, पाहू तं खरं, किती पाजते मले."

दोघी हसत हसत खाली बसल्या. मग उरलेलं आंबट ताक सगळ्या ग्लासांत काठोकाठ भरलं. सकाळपर्यंत सहाही ग्लास आरपार दिसत होते. पुढे दर आठवड्याला बायकोने तेच केलं.

तेराव्याला बहीण काठी टेकत आली. मी त्या ग्लासातून पाणी नेलं. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"पानी नको. ताक हाये काय?"

दिलं. ती ते तळापर्यंत प्यायली.

आता घरात नळ आहे, पाणी गोडं येतं. सहांपैकी एक ग्लास उरला आहे.