जिन्यावरचे जोड

ऑपरेटरबाईंचं नशीब जोरावर आहे, असं क्लबात सगळे म्हणायचे. आता तुम्हाला वाटेल, बाई जिंकत असतील. छे हो! बाईंना नुसतं खेळायला मिळायचं, एवढंच ते नशीब. पण ते कसं, हे नीटच सांगायला हवं.

फर्निचरच्या एका दुकानावर पहिल्या मजल्याची खोली. सोमवार ते शनिवार तिथे गाण्याचा क्लास आणि रविवारी दुपारी चार ते सात बुद्धिबळाचा क्लब. खालून व्हार्निशचा वास यायचा. वर पाच टेबलं, दहा खुर्च्या, दाराशी बाईंची अकरावी खुर्ची आणि पायाखाली गाण्याच्या मास्तरांचा जिवापाड जपलेला गालिचा. त्यावर कुणी बूट घालून पाऊल टाकलं तर खोली त्याच दिवशी परत घेईन, असा मास्तरांचा दम होता. म्हणून सगळ्यांचे जोड बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीशी भिंतीला लावून ओळीत.

क्लबाची स्पर्धा वर्षभर चालायची. नावाला स्पर्धा, एरवी मैत्रीचाच मामला. जिंकलं की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा. वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त, त्याच्या घरी हातभर उंचीचा लाकडी घोडा वर्षभर राहायचा. चारच्या ठोक्याला बाई दाराला कडी घालायच्या. मग साक्षात मास्तर आले तरी आत घेणं नाही. हजर असतील त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या, दोन-दोन काढायच्या आणि जोड्या लावायच्या. माणसं सम असली तर सगळ्यांना जोडीदार मिळायचा. विषम असली तर एक चिठ्ठी उरायची, आणि ज्याची उरेल त्याच्याशी बाई खेळायच्या. एरवी बाई खेळाडू नव्हत्याच. वहीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

"मला काय, मी आपली व्यवस्था बघणारी," असं त्या म्हणायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसलं. पावणेचारपासून बाईंचे कान जिन्याकडे लागलेले असायचे. आठवं माणूस आलं की चेहरा पडायचा आणि नववं आलं की उजळायचा. पण तोंडाने कबूल करतील तर शपथ!

आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी. दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. आधी वडिलांचं दुखणं, मग वय, असं करता करता लग्न राहून गेलं. पट शिकवला तो वडिलांनीच. ते गेल्यावर घरात सोंगट्यांची पेटी आणि बाई, दोघीच राहिल्या. भाऊ दुसऱ्या गावी. महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन यायचा. मागून वहिनी "बऱ्या आहात ना वन्सं?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवते हं" म्हणायची. झालं, संपला महिना. त्यामुळे आठवड्यातून एकदा तास-दीड तास कुणीतरी समोर बसून 'ही बाई आता काय करणार' याचा विचार करतंय, हे बाईंना फार मोठं होतं. तेवढ्यावर त्या आठवडा काढायच्या.

आणि गेलं दीड वर्ष माणसं सारखी विषमच व्हायची. "बाईंचा नवस आहे कुठेतरी," पाववाला म्हणायचा. हा पाववाला क्लबातला सगळ्यात जुना गडी आणि सगळ्यात वाचाळही.

बाईंच्या डोक्याला ताप एकच होता, बूटवाले. चौकात त्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान. बायको जाऊन चार वर्षं झालेली, बोलणं मोजकं. क्लबात येऊन दीडच वर्ष झालेलं. चारला दोन मिनिटं कमी असताना उगवायचे. नाहीतर उगवायचेच नाहीत. एक रविवार हजर, तर पुढच्या रविवारी दांडी. बरं, खेळात कच्चे म्हणावं तर तेही नाही. आले की समोरच्याचा चट्टामट्टा. नियमित आले असते तर गेल्या वर्षीचा घोडा त्यांच्याच घरी गेला असता. पण या दांड्यांमुळे बाईंचा गुणांचा तक्ता पार विस्कटायचा. शेवटी यंदा त्यांनी नवा नियमच काढला, की वर्षात बारा दांड्या झाल्या की नाव कमी.

वर्ष निम्मं सरलं आणि बाराव्या दांडीनंतरच्या रविवारी बूटवाले दारात उभे राहिले. चारला दोन मिनिटं कमी. आत सगळे बसलेले.

"या! आज कशी वाट चुकलात?" बाई म्हणाल्या. "मनात येईल तेव्हा यायला ही काय सासुरवाडी आहे तुमची? इतर माणसं कामंधामं सोडून येतात ती काय रिकामटेकडी आहेत? नियम सगळ्यांना सारखा. तुमचं नाव कमी केलंय मी."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पाववाल्याने उगाच आपल्या हत्तीवरची धूळ फुंकली.

"बरं, बाई," बूटवाले म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी बूट चढवले आणि खाली गेले. बाईंनी कडी घातली, चिठ्ठ्या काढल्या. माणसं आठ. चार जोड्या बरोब्बर लागल्या आणि बाई दाराशी बसून राहिल्या.

पुढच्या रविवारी आठ. त्याच्या पुढच्या रविवारी दहा. मग आठ, मग पुन्हा आठ. "बाई, नवस फेडला नाहीत वाटतं," पाववाला म्हणाला. बाई हसल्या, पण घरी जाऊन त्या संध्याकाळी त्यांनी दिवासुद्धा लावला नाही, तशाच बसून राहिल्या.

सहाव्या रविवारी जिना चढताना त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला. तशीच ती फरपटत वर नेली आणि ओळीत ठेवून दिली. त्या दिवशी एकाला ताप होता, म्हणून माणसं सात झाली, आणि किती दिवसांनी बाई पटावर बसल्या! पाववाल्याशी दोन तास झुंजून हरल्या, पण खूश होत्या. सगळे गेल्यावर कुलूप लावून त्या चप्पल घालायला वाकल्या, तर पट्टा शिवलेला.

मेणाचा जाड दोरा, बारीक टाका, शेवटी दुहेरी गाठ. गावात असा टाका एकाच हाताचा होता. पण तो माणूस तर क्लबातून गेला होता. मग तो रविवारी चार वाजता त्या जिन्यावर काय करत होता?

बाई घरी आल्या आणि हजेरीची वही उघडून बसल्या. आकड्यांत त्यांचा जन्म गेलेला. बूटवाल्यांच्या रकान्यात जिथे जिथे फुली, त्या रविवारी माणसं किती? सात. नऊ. सात. सात. नऊ. आणि ते हजर होते तेव्हा, त्यांना धरून? नऊ. सात. नऊ. सुरुवातीचा एक रविवार सोडला, तर नाव काढेपर्यंतच्या दीड वर्षात सम आकडा फक्त तीनदा, आणि त्या तिन्ही रविवारी बूटवाले मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला गेलेले. फुल्या मोजल्या, तर गावाला गेल्याच्या तीन सोडून तेहतीस. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांचं नशीब जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून जोड मोजत होतं, माणसं सम असली की आत येत होतं, विषम असली की परत जात होतं, आणि त्याला त्यांनी आठ माणसांसमोर हाकलून दिलं होतं.

सोमवारी सकाळी त्या दुकानात गेल्या. बूटवाले एका बुटाला टाच ठोकत होते. बाईंनी पायातली चप्पल काढून पुढे केली. "हे कुणी शिवलं?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "टाका बरा आहे. ज्याने घातला त्याला काम येतंय."

"चेष्टा नका करू. तुम्ही जिन्यावर उभे राहून मोजता?"

"बाई, बुटं बघणं हा माझा धंदाच आहे. कोण आलंय, कोण नाही, मला आत डोकवावं लागत नाही."

"आणि माझ्यासाठी परत जायचात?"

बूटवाल्यांनी हातोडी खाली ठेवली. "सुरुवातीला एकदा मी आलो आणि माणसं आठ झाली. तुम्ही म्हणालात, 'वा, छान जमल्या जोड्या.' मग तीन तास दाराशी बसलात, हात मांडीवर घेऊन. मी समोरच होतो. डाव मी जिंकलो, पण माझं लक्ष लागेना. बायको गेल्यावर मी असाच बसायचो इथे. समोर गिऱ्हाईक असलं तरी."

बाईंनी चप्पल परत पायात सरकवली. मग त्यांनी विचारलं, "परत येऊन काय करायचात?"

"दुकान उघडायचो. रविवारी कुणी येत नाही. पट मांडायचो. इकडून एक चाल, मग उठून तिकडून एक."

"कोण जिंकायचं?"

"स्टुलावर बसणारा. त्या खुर्चीचा एक पाय हलतो."

बाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "मी तुम्हाला चारचौघांत नको ते बोलले. चुकलं माझं."

"नियम होता."

"नियम मीच केला होता. आणि नाव काढल्यावरसुद्धा येत होतात?"

"सवय. आता माझ्या हातात काही नव्हतं. नुसतं बघायला यायचो, तुम्हाला डाव मिळाला का ते."

"नाव परत लिहिलंय. रविवारी या."

"बघू."

"बघू नाही, या."

"जिन्यावर आल्यावर बघू, बाई," ते म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली. बाई काय समजायचं ते समजल्या.

रविवार आला. साडेतीनपासून एकेक करत आठही नेहमीचे जमले. आता बूटवाले आले की नऊ, म्हणजे सगळंच जमून येणार, असा हिशेब बाई मनात करत होत्या, तोच दारात एक अनोळखी बाई उभी. दवाखान्यातली नवी नर्स, गावात येऊन पंधराच दिवस झालेले. "इथे बुद्धिबळ खेळतात ना? मला येईल का खेळायला?"

नाही कसं म्हणणार? नर्सने आपले पांढरे बूट बाहेर ओळीत ठेवले आणि आत येऊन बसली. झाली की माणसं नऊ!

बाईंचं मन थुईथुई नाचायला लागलं. नवा माणूस, नवा खेळ, न पाहिलेल्या चाली. आणि पुढच्याच क्षणाला त्यांच्या लक्षात आलं, की बाहेर आता दहा जोड आहेत, आपला धरून. बूटवाले येतील, मोजतील आणि मुकाट्याने उतरून जातील. दुकान उघडतील. इकडून एक चाल, मग उठून तिकडून एक. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाला कळणार होतं? खोटं सांगत नाही, दोन-तीन मिनिटं बाई खरंच गप्प बसल्या. दीड महिन्यात एक डाव मिळालेलं माणूस होतं ते.

मग त्या उठल्या, बाहेर गेल्या, नर्सचे पांढरे बूट उचलले आणि कपाटात डावाच्या घड्याळांच्या खोक्यांमागे लपवून ठेवले. बाकीचे जोड बूटवाल्यांच्या ओळखीचेच होते.

"अहो, माझे बूट..." नर्स म्हणाली.

"सुरक्षित आहेत," बाई म्हणाल्या. "जरा गप्प बसा."

चारला दोन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली आणि वर येऊन थांबली. थोड्या वेळाने बूट काढल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

"या," बाई एवढंच म्हणाल्या.

आज चार वाजायची वाट न बघताच बाईंनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. दोन, चार, सहा, आठ. शेवटच्या दोन, बूटवाले आणि नर्स. बूटवाल्यांनी डब्यात वाकून बघितलं. डबा रिकामा होता.

"बाई, बाहेर नऊच जोड होते."

"मोजायला चुकला असाल."

"मी? बुटं मोजायला?"

"माझे कपाटात का ठेवलेत, ते मलाही कळलेलं नाही," नर्स म्हणाली.

बूटवाल्यांनी कपाटाकडे बघितलं, मग बाईंकडे. "फसवलंत मला," ते हळूच म्हणाले आणि उठायला लागले. "मी निघतो. तुम्ही बसा इथे."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. बाईंनी कडी घातली. "चार वाजले. आता कुणी आत येत नाही आणि कुणी बाहेर जात नाही. नियम आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून. बसा. तुमचं घड्याळ सुरू केलंय मी."

ते बसले. पाच पटांवर दहा माणसं वाकली आणि खोलीत घड्याळांची टिकटिक तेवढी राहिली. बाई दाराशी आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांना खेळायचं होतं हो, फार खेळायचं होतं. आता सात वाजेपर्यंत समोर कुणी नाही, आणि त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंतही नाही. तिकडे नर्सने कसलीशी धीट चाल केली. बूटवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसले. त्यांना हसताना बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी वही उघडली आणि बूटवाल्यांपुढे 'हजर' लिहिलं. मग पानाच्या तळाशी, इतक्या वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते आपलं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे एक फुली मारली.