माइक बंद असतानाचा आवाज

दुपारचं जेवण आटोपून मी आडवी होते. स्वयंपाकघरात सून भांडी लावते आहे, तो आवाज हळूहळू लांब जातो. हे गेल्यापासून मला रडू येत नाही, भूक लागत नाही. झोप मात्र येते. तेवढी एक निर्लज्ज.

हे म्हणजे मधुकर औंढेकर, आमच्या गावच्या रेडिओ केंद्रावरचे निवेदक. जुनी गाणी लावायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काकू, तुम्ही नशीबवान. त्यांचा आवाज तरी राहिला." राहिला खरा, पण तो गावाचा. गुळगुळीत, इस्त्री केलेला. घरात हे खरखरीत बोलायचे, जरा नाकातून. तो आवाज कुणी टेप केला नाही आणि आता तो मला आठवत नाही. आठवायला जावं तर 'श्रोतेहो, नमस्कार' ऐकू येतं. मग नुसती चीड येते.

भांडी थांबतात. मी स्टुडिओत आहे. जाड दार, भिंतीला भोकाभोकांच्या पाट्या. कोपऱ्यात माझा ओटा, गॅसवर दूध. त्याचं कुणाला काही वाटत नाही. हे माइकसमोर बसलेत. लाल दिवा लागलाय, म्हणजे तोंड उघडायचं नाही. एवढं मला माहीत आहे.

फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचून होतात. गाणं सुरू होतं. हे बोटाने माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, खाली ओढतात आणि खोकतात. रेडिओवर हे जन्मात खोकले नाहीत. खोकला आला की फेडर खाली, खोकून झालं की वर. गावाला वाटायचं, या माणसाला घसा म्हणून काही नाहीच.

"अगं, दूध उतू जाईल."

तोच आवाज. खरखरीत, नाकातला.

"परत बोला," मी म्हणते.

"काय परत बोला? गॅस बारीक कर आधी."

मी वळते तर ओटा नाही. ज्वारीचं रान आहे, मधोमध केंद्राचा उंच टॉवर. हे बांधावर बसलेत, पुढ्यात तेच टेबल. गाणं रानभर चालू आहे.

"अहो, तुमचा हा आवाज मला आठवेना झालाय."

"मग ऐकून घे. गाणं आहे तोवर वेळ आपलाच."

मी टेबलापलीकडे मातीत बसते.

"दळण आणलंस?"

"आणलं."

"गुडघ्याला तेल लावतेस का?"

"लावते."

"खोटं बोलतेस."

मला आनंद होत नाही, दुःखही होत नाही. मी फक्त ऐकते.

गाणं शेवटच्या कडव्यावर येतं. हे पाठ ताठ करतात, चेहरा निवेदकाचा होतो, हात फेडरकडे जातो. त्याआधीच माझं बोट तिथे पोचतं. मी फेडर खाली दाबून धरते. गाणं संपतं. रान गप्प होतं.

"अगं, सोड. लोक ऐकताहेत."

केंद्र गप्प पडणं यांना कधी सहन झालं नाही.

"ऐकू देत."

"काय ऐकतील? काही वाजतच नाहीये."

"नाही तर नाही."

हे माझ्याकडे बघतात. मग नाकातल्या नाकात हसतात. "बरं बाई. सरक जरा." आणि माझ्या शेजारी टेकतात.

"आई, चहा ठेवू का?"

सून दारात उभी आहे. मी डोळे उघडते. अंगाखाली मऊ गोधडी, हात रिकामा. उजव्या तर्जनीच्या टोकावर बारीक आडव्या रेघा उमटल्यात, खोल, फेडरच्या खाचांसारख्या.

"आई, ठेवू ना?"

मी तिला हातानेच थांब म्हणते. हे अजून कानात आहेत. मी बोलले तर माझ्या आवाजाखाली बुडतील.